जपानी कंपनीतली नोकरी: निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर



आखाती देशांतील नोकऱ्यांविषयी आम्ही या सदरात पुष्कळदा लिहिले आहे. तो रस्ता आपल्या समाजाला पाठ आहे. कोकणातल्या मोहल्ल्यात कुणाचा मामू कुवेतला तर कुणाचा भाऊ दोहाला असतोच, आणि अकामा म्हणजे काय हे घरातल्या दादीलाही ठाऊक असते. अलीकडे आलेल्या पत्रांत मात्र एका वेगळ्याच देशाचे नाव पुन्हा पुन्हा दिसते आहे. तो देश जपान. रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीने लिहिले आहे की, मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे, एक एजंट जपानी कंपनीत 'लावून देतो' म्हणतो आणि त्यासाठी साडेचार लाख रुपये मागतो. दागिने मोडावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

त्यांना उत्तर आधीच देऊन टाकतो: दागिने मोडू नका. का, ते पुढे येईल.

एजंट एक गोष्ट खरी सांगतो. जपानला माणसे हवी आहेत. साडेबारा कोटींच्या आतबाहेर असलेल्या त्या देशात पासष्टी ओलांडलेले लोक शंभरात एकोणतीसच्या आसपास आहेत, आणि २०२४ साली तिथे जन्मलेली मुले सात लाखांहूनही कमी होती. कारखाने, इस्पितळे, वृद्धाश्रम, शेते, हॉटेले, सगळीकडे हात कमी पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे सुमारे २३ लाख परदेशी कामगार होते. त्यांत व्हिएतनामचे सर्वांत जास्त, आपल्या शेजारच्या नेपाळचेही मोठ्या संख्येने. भारतीय त्या मानाने थोडे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले, त्यात भारतातून जाणारी ५० हजार कुशल माणसे धरली आहेत. म्हणजे दार उघडते आहे. पण ते एकच दार नाही, आणि कोणत्या दाराने आत जातो यावर पुढची पाच-दहा वर्षे ठरतात. घोळ इथेच होतो.

पहिले दार पदवीधरांचे. इंजिनिअर, संगणक क्षेत्रातले लोक, हिशेब, विक्री, भाषांतर अशी कामे करणारे या व्हिसावर जातात. त्यासाठी कामाशी संबंधित पदवी लागते, किंवा दहा वर्षांचा अनुभव. भारतातला डिप्लोमा तिथे पदवी म्हणून चालेल असे गृहीत धरू नये. या व्हिसावर बायको-मुलांना सोबत नेता येते, आणि बायकोला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत कामही करता येते.

दुसरे दार 'तोकुतेई गिनो', म्हणजे ठरावीक कौशल्याचे कामगार. हा व्हिसा एप्रिल २०१९ पासून सुरू झाला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, कारखान्यातले उत्पादन, बांधकाम, मोटार दुरुस्ती, शेती, हॉटेल, खाद्यपदार्थ अशी क्षेत्रे त्यात आहेत. २०२४ मध्ये बस-ट्रक-टॅक्सी चालवणे, रेल्वे, वनकाम आणि लाकूडकाम ही चार आणखी जोडली गेली. पदवीची अट नाही. कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा, दोन्ही उत्तीर्ण व्हावे लागते. मात्र याच्या पहिल्या श्रेणीत साधारणपणे एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंबाला नेता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत गेल्यावरच ते शक्य होते, आणि त्यासाठी आणखी अवघड परीक्षा असते.

तिसरे दार प्रशिक्षणार्थींचे. १९९३ पासून चालत आलेली ही योजना नावाला शिकाऊ, प्रत्यक्षात बरेचदा स्वस्त मजुरीची, म्हणून तिच्यावर जपानमध्येच टीका होत आली आहे. एक मालक सोडून दुसरीकडे जाण्याची त्यात मुभा नसल्यासारखीच होती. जून २०२४ मध्ये तिच्या जागी नवी योजना आणण्याचा कायदा झाला आणि ती एप्रिल २०२७ पासून लागू व्हायची आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी या बदलाच्या काळात जुन्या योजनेत उडी घेऊ नये, असे आमचे मत आहे.

आता घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. आजकाल स्थळ सांगताना 'मुलगा जपानला आहे' एवढ्यावर निकाह ठरतात. मुलीच्या अब्बांनी एक साधा प्रश्न विचारावा: व्हिसा कोणता? पहिल्या श्रेणीच्या कौशल्य व्हिसावर असलेल्या मुलाशी निकाह झाला तर मुलगी काही वर्षे सासरी, नवरा तिकडे, आणि वर्षाकाठी पंधरा दिवसांची भेट. कुणाला ते मान्य असेलही, आखाती नोकरीत आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सोसले आहे. पण निकाहानंतर हे कळणे आणि आधी कळून हो म्हणणे यात फार फरक आहे.

साडेचार लाखांकडे येतो. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. सध्याच्या नियमांप्रमाणे एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. भाषेच्या वर्गाची फी, परीक्षेची फी, विमानभाडे हे खर्च वेगळे आणि खरे आहेत, पण ते पावतीसकट वेगवेगळे दाखवले गेले पाहिजेत. 'सगळे मिळून साडेचार' असे बोलणाऱ्याकडे कागदावर फोड मागा. तो चिडला तर उत्तर मिळाले. कौशल्य व्हिसाच्या नियमांत कामगाराकडून अनामत ठेवून घेणे किंवा मधेच नोकरी सोडल्यास दंड लावण्याचा करार करणे याला मनाईच आहे.

आणखी एक खूण. जपानमध्ये कामाचा व्हिसा मिळण्यापूर्वी तिथली कंपनी इमिग्रेशन कार्यालयाकडून तुमच्या नावाचे पात्रता प्रमाणपत्र काढते. ते आले की मगच इथल्या वकिलातीकडे व्हिसासाठी अर्ज होतो. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ' असे कुणी म्हटले तर त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

नोकरी मिळवण्याचा खरा खर्च पैशांचा नाहीच, भाषेचा आहे. जपानी भाषेच्या परीक्षेला एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि पुणे व मुंबई ही तिची जुनी केंद्रे आहेत. कौशल्य व्हिसासाठी बहुतेक क्षेत्रांत एन-४ किंवा त्याच तोलाची दुसरी परीक्षा पुरते. एन-४ म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती भाषा आणि सुमारे तीनशे चिनी अक्षरांची ओळख. रोज दोन तास बसणाऱ्या मुलाला त्यासाठी सात-आठ महिने धरा. ऑफिसातल्या नोकरीसाठी बहुतेक कंपन्या एन-२ मागतात, त्याला दोन वर्षे तरी लागतात.

अपवाद आहेत. राकुतेन या मोठ्या कंपनीने २०१० मध्ये जाहीर करून २०१२ पासून इंग्रजी ही कामकाजाची भाषा केली. मेरकारी या कंपनीने २०१८ मध्ये भारतातल्या आयआयटींतून बऱ्याच मुलांना एकदम घेतले. संगणकाचे काम उत्तम येणाऱ्याला अशा जागा मिळतात. पण अशा कंपनीतही घरमालक, नगरपालिका, मुलाची शाळा आणि डॉक्टर जपानीतच बोलणार.

या बाबतीत महाराष्ट्राच्या मुलांना एक फायदा आहे, त्याची आपल्या लोकांना फारशी जाणीव नाही. पुणे हे जपानी शिकण्याचे जुने ठिकाण. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात माफक फीमध्ये ही भाषा शिकवली जाते. २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ पुण्यातच जपानी शिकले होते. शिवाय मराठी माणसाला या भाषेचे व्याकरण परके वाटत नाही. क्रियापद शेवटी येते, 'ला', 'ने', 'त' यांसारखे तुकडे नामाला मागून चिकटतात, आणि 'तू' की 'आपण' हे समोरचा कोण यावर ठरते. इंग्रजीतून जपानी शिकू नका, मराठीतून किंवा उर्दूतून विचार करून शिका. लवकर येते. बोलण्याच्या मानाने वाचन अवघड आहे, आणि आपली मुले तेच टाळतात. कारखान्यात भिंतीवरची सूचना वाचता आली नाही तर बोट जाऊ शकते.

मुलाखतीविषयी थोडक्यात. जपानी कंपन्या कॉलेजातून निघालेल्या मुलांना वर्षातून एकदाच, १ एप्रिलला रुजू करून घेतात. अनुभवी लोकांची भरती वर्षभर चालते. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: आमचीच कंपनी का? 'जपान मला आवडते', 'कुठेही काम करायची तयारी आहे' ही उत्तरे आपल्याकडे नम्रपणाची वाटतात, तिथे ती तयारी न केल्याची समजतात. कंपनी काय बनवते, कुणाला विकते, तुमच्या हाताला येणारे कोणते काम तिला उपयोगी आहे, हे तीन मिनिटांत सांगता आले पाहिजे. मागची नोकरी का सोडली याचे उत्तर देताना जुन्या साहेबाची निंदा करू नये. आणि अर्जात जे लिहिले त्यात एक महिनाही इकडचा तिकडे नको. अनुभवाचा खोटा दाखला पकडला गेला तर व्हिसाच जातो.

नोकरी लागली, आता टिकायचे कसे? आम्ही तिकडे सात-आठ वर्षे काढलेल्या काही तरुणांशी बोललो. कामात कमी पडल्यामुळे परत यावे लागले असे उदाहरण त्यांच्यापैकी कुणीच सांगितले नाही. आपली मुले कष्टाला कमी नसतात. अडचण होते ती न सांगण्याची.

जपानी कंपनीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक शब्द शिकवतात, 'होरेन्सो'. होकोकु म्हणजे झालेल्या कामाचा अहवाल, रेनराकु म्हणजे वेळच्या वेळी कळवणे, सोदान म्हणजे अडले की विचारणे, या तिघांची आद्याक्षरे जोडून तो झाला आहे. गंमत अशी की 'होरेन्सो' म्हणजे पालकाची भाजीही, त्यामुळे कुणी विसरत नाही. आता आपल्याकडची सवय पाहा. साहेबाने काम दिले, अर्धे झाले, कुठेतरी अडले. आपला मुलगा म्हणतो, साहेबाला काय त्रास द्यायचा, रात्री जागून करतो, नीट झाले की दाखवतो. तो हे प्रामाणिकपणेच करतो, त्यात इज्जतीचाही प्रश्न असतो. तिथल्या साहेबाच्या दृष्टीने मात्र हा माणूस दोन दिवस अंधारात गेला. चूक झाली तर ती पाचव्या मिनिटाला सांगावी, पाचव्या दिवशी नव्हे. यंत्रात बिघाड वाटला आणि तो निघाला नाही, तरी सांगितल्याबद्दल कुणी रागावत नाही. बिघाड लपवला आणि माल परत आला, तर त्या माणसावरचा भरवसा वर्षभर परत येत नाही.

'पाच मिनिटांत पोहोचतो' हे वाक्य जपानला जाताना इथेच ठेवून जावे. नऊची पाळी म्हणजे नऊला गेटवर नव्हे, कपडे बदलून पावणेनऊ-नऊला दहा कमी असताना जागेवर. कितीतरी कारखान्यांत आणि बांधकामावर सकाळी सगळे मिळून कवायत करतात, मग आजच्या कामात कुठे धोका आहे ते बोलतात. हा पोरखेळ समजू नये. रेल्वेला उशीर झाला तर स्टेशनवर उशिराचा दाखला मिळतो, तो घेऊन ऑफिसात देतात. यावरून काय ते समजावे.

समोरचा काय बोलतो याहून तो काय बोलत नाही हे ओळखावे लागते. 'हाय' म्हणजे 'हो' असे पुस्तकात असते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'ऐकतो आहे' एवढाच. 'विचार करून पाहू' असे साहेब म्हणाला तर बहुधा नाहीच. आपल्यातले काही लोक टाळाटाळ करायची असली की 'इन्शाअल्लाह' म्हणतात आणि त्या पवित्र शब्दावर अन्याय करतात, त्यामुळे ही तऱ्हा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. बढती सावकाश होते. पहिली दोन वर्षे कामे किरकोळ वाटतात, कागद लावणे, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवणे. हुशार मुले इथेच कंटाळतात. खरे म्हणजे तेव्हाच वरचे लोक पाहत असतात. कामाच्या जागी काही सुधारणा सुचली तर लेखी सुचवावी, अगदी स्क्रूचा डबा डावीकडे ठेवावा एवढीच असली तरी. अशा सूचनांची तिथे कदर होते.

नमाजचा प्रश्न प्रत्येक पत्रात असतो. इथेही तीच गोष्ट, आधी सांगणे. पहिल्या आठवड्यात काही न बोलता जिन्याखाली नमाज अदा करणारा मुलगा एखाद्या दिवशी सापडतो, आणि 'हा कामाच्या वेळी नाहीसा होतो' एवढेच साहेबाच्या लक्षात राहते. रुजू होण्यापूर्वीच, शक्यतो करार होतानाच सांगावे: दिवसातून अमुक वेळा पाच-सात मिनिटे आणि दोन हात जागा लागेल, काम थांबणार नाही. जपानी साहेबाला 'धर्मस्वातंत्र्य' हा शब्द ऐकवून फायदा नाही. मिनिटे आणि जागा सांगितली की तो कागद काढतो. सिगारेट ओढणारे सहकारी तेवढा वेळ घेतच असतात. बहुतेक ठिकाणी कपडे बदलण्याची खोली किंवा रिकामी मीटिंग रूम मिळते. नाही म्हणणाऱ्या कंपन्याही आहेत, ते निघण्यापूर्वी कळलेले बरे.

वेळा लक्षात घ्या. तोक्यो देशाच्या पूर्वेला आहे आणि सगळ्या जपानची घड्याळे एकच, म्हणून तिथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. जूनमध्ये सूर्योदय साडेचारच्याही आत, म्हणजे फजर अडीच-तीनच्या सुमारास सुरू होते. डिसेंबरमध्ये सूर्यास्त साडेचारच्या आसपास, म्हणून असर आणि मगरिब दोन्ही कामाच्या वेळेत येतात. जोहर मात्र तोक्योत बाराच्या आतच सुरू होते, जेवणाच्या सुट्टीत आरामात बसते, आणि मशीद जवळ असेल तर जुमाही मिळू शकतो. आठ तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान एक तास विश्रांती कायद्यानेच आहे. वजू करताना बेसिनभोवती पाणी सांडते आणि पाय बेसिनमध्ये घेतलेला पाहून तिथले लोक बिचकतात. घरून वजू करून निघावे, आणि ऑफिसात करावा लागला तर बेसिन पुसून कोरडे करावे. मोज्यांवरील मसहबाबत आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

ईदची सुट्टी नसते. पगारी रजा सहा महिने नोकरी झाल्यावर दहा दिवस मिळते, त्यामुळे पहिली ईद रजेशिवाय येऊ शकते. 'चाँद दिसला तर उद्या सुट्टी हवी' हे जपानी कंपनीला समजावणे जवळजवळ अशक्य आहे. महिनाभर आधी दोन्ही संभाव्य तारखा देऊन पाळी बदलून मागावी. रमजानात रोजा आहे हे भट्टीवर किंवा उंचीवर काम करणाऱ्याने मुकादमाला सांगितलेच पाहिजे. तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

हलाल खाण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. कोबेची मशीद १९३५ मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी भारतीय व्यापाऱ्यांनीही पैसा दिला होता. आज मोठ्या शहरांत मशिदी आणि हलाल दुकाने आहेत. तोक्योच्या शिन-ओकुबोत तर मसाल्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळे मिळते. लहान गावात मात्र स्वतः रांधता येणे हाच उपाय. अम्मींनी मुलाला बॅग भरून देण्यापेक्षा दाल आणि सालन करायला शिकवून पाठवावे. बाहेर फसवणारी गोष्ट डुक्कर दिसणे ही नसते, ते दिसतेच. सॉसमधली 'मिरिन' ही गोड दारू, रामेनचे सूप, ब्रेडमधली चरबी, मिठाईतले जिलेटिन या न दिसणाऱ्या गोष्टी असतात. पाकिटावरचे डुकराचे आणि दारूचे चिनी अक्षर सर्वांत आधी पाठ करावे.

ऑफिसच्या संध्याकाळच्या पार्ट्यांत दारू असते. न जाणाऱ्याला लोक शिष्ट समजतात, असे आम्हांला सांगण्यात आले. जावे की नाही हा ज्याच्या त्याच्या तकव्याचा प्रश्न आहे आणि आम्ही त्यावर फतवा देणारे कोण. पण जे जात नाहीत त्यांनी दुपारचे जेवण सहकाऱ्यांबरोबर घ्यावे, म्हणजे संबंध तुटत नाहीत. जे जातात त्यांच्यासाठी ऊलाँग चहा मागणे ही तिथे अगदी साधी गोष्ट आहे.

मुलींसाठी वेगळे सांगायला हवे. शुश्रूषेच्या कामात मागणी मोठी आहे. इंडोनेशियाशी झालेल्या करारानुसार २००८ पासून तिथल्या परिचारिका आणि शुश्रूषा करणाऱ्या मुली जपानला जात आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी हिजाबसह काम करतात. पण प्रत्येक संस्थेचे धोरण सारखे नाही. हिजाब, पुरुष रुग्णाला आंघोळ घालण्याचे काम, रात्रपाळी, राहण्याची खोली, हे चार प्रश्न करारापूर्वी लेखी विचारावेत. या क्षेत्रात राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यास वेगळा व्हिसा मिळतो, त्यावर कुटुंबही नेता येते.

पैशांचा हिशेब एजंट नेहमी ढोबळ पगाराचा सांगतो. २०२५ मध्ये जपानचे सरासरी किमान वेतन तासाला १,१२१ येन ठरले आहे. महिन्याला दोन लाख येन पगार धरा, आणि येन ५५ पैशांना. म्हणजे १ लाख १० हजार रुपये. त्यातून पेन्शनचे ९.१५ टक्के, आरोग्य विम्याचे साधारण पाच टक्के, बेकारी विमा आणि आयकर कापला जातो. मग खोलीचे भाडे, वीज, जेवण. हातात साठ हजार उरले तरी काटकसरी मुलगा म्हणायचा. येनचा भावही घसरतो, २०२४ च्या जुलैमध्ये एका डॉलरला १६० च्या वर येन मोजावे लागत होते. आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून पगारातून रहिवासी कर कापला जाऊ लागतो, कारण तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण दहा टक्के असतो. पहिल्या वर्षी तो नसल्यामुळे मुले घरी जास्त पैसे पाठवतात, अब्बा घराचे काम काढतात, आणि पुढच्या जूनमध्ये पैसे अचानक कमी येतात. घरात संशय सुरू होतो, मुलगा उधळायला लागला की काय. त्याने तसे काही केलेले नसते. पहिल्या वर्षी घरखर्चाची रक्कम ठरवतानाच हा कर वजा करून ठरवावी.

सगळे मालक भले नसतात. पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड 'सांभाळायला' मागितले तर देऊ नये. ओव्हरटाइमला सव्वापट दर कायद्याने आहे. त्याचे तास स्वतःच्या वहीत रोज लिहून ठेवावेत, वाद झाला तर ती वही कामाला येते. सरकारी कामगार तपासणी कार्यालये परदेशी माणसाचीही तक्रार घेतात. कौशल्य व्हिसावर त्याच क्षेत्रात कंपनी बदलता येते. मात्र नोकरी सुटली की चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते, आणि तीन महिने बिनकामाचे गेले तर व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून दुसरी जागा हातात आल्याशिवाय रागाने राजीनामा देऊ नये.

परत येणाऱ्यांचे पैसे एका ठिकाणी हमखास बुडतात, ते सांगून थांबतो. पेन्शनमध्ये कापलेल्या रकमेतून पाच वर्षांपर्यंतचा हिस्सा देश सोडल्यावर एकरकमी परत मागता येतो, पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. तोही मागता येतो, मात्र त्यासाठी निघण्यापूर्वी जपानमधल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला कर कार्यालयात आपला प्रतिनिधी म्हणून नेमावे लागते. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि त्यानुसार दोन्ही देशांतील वर्षे पेन्शनसाठी जोडता येतात, पण रक्कम एकदा उचलली की ती वर्षे मोजली जात नाहीत. ज्याला पुन्हा जपानला जायचे आहे त्याने हा विचार करूनच अर्ज करावा, आणि पेन्शन क्रमांकाचे पत्र पासपोर्टबरोबर ठेवावे.